ओव्हलवरचं ऊन

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि चित्राचा फोटो, दोन्ही पोचलं. फोटो आधी मोबाइलवर पाहिला, मग नातवाकडून टीव्हीवर मोठा करून घेतला. पत्र दोनदा वाचलं. त्यात ‘कॉन्ट्रास्ट’ हा शब्द तू अकरा वेळा लिहिलायस. मोजले मी. ‘ऊन’ हा शब्द एकदाही नाही. माझं उत्तर खरं तर एवढंच आहे, पण सर नेहमीसारखे कोड्यात बोलले म्हणून तू हिरमुसशील, म्हणून सविस्तर लिहायला बसलो.

हात चांगला आहे हे तुला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. त्यावर शाई खर्च करत नाही. राजाबाई टॉवर खाली चौकोनी असतो आणि वर जाता जाता अष्टकोनी होतो, ती वळणाची जागा भल्याभल्यांना दगा देते. तुला दिला नाही. पुढे.

तर चित्र असं. डावीकडे राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, सगळं सेपियात, आजोबांच्या अल्बममधल्या फोटोसारखं. उजवीकडे काचेचे टॉवर, गुलाबी, फिरोजी, पोपटी. मध्ये ओव्हल मैदान आणि त्यावर पांढरे ठिपके, म्हणजे क्रिकेट खेळणारी पोरं. एक परीक्षक म्हणाले, जुन्या-नव्यातला विरोध अजून ठळक हवा. दुसरे म्हणाले, विरोध भडक झालाय आणि चित्रकाराची भूमिका कळत नाही. आणि तू मला विचारतेस, सर, मी जुन्याच्या बाजूची की नव्याच्या हे आधी ठरवू का? जुनं पार ग्रे करून टाकू, की उलटं, जुनं रंगीत आणि नवं ग्रे?

कोणालाच काही करू नकोस. आधी मला सांग, तुझ्या चित्रात किती वाजलेत?

घड्याळात तू दहा वाजून दहा मिनिटं दाखवलीस, घड्याळाच्या जाहिरातीत असतात तशी. ठीक. सकाळचे दहा-दहा समजू. चर्चगेटच्या टोकाला उभी राहून तू दक्षिणेकडे बघतेयस, म्हणजे डावा हात पूर्वेला. सूर्य डावीकडे, टॉवरच्या पाठीमागे. मग टॉवरची मैदानाकडची बाजू इतकी उजळ कशी? ती सावलीत हवी. त्या वेळी राजाबाई म्हणजे उजेडाकडे पाठ करून उभा असलेला एक निळाजांभळा आकार, कडेला उन्हाची बारीक किनार, बस्स. बरं, समोरच्या काचेच्या टॉवरवरही चमक मैदानाच्याच बाजूने पडलीय. याचा अर्थ तुझा सूर्य मैदानाच्या मधोमध, पिचवर उभा आहे आणि दोन्हीकडे टॉर्च मारतोय. अंपायरने त्याला बाहेर कसं काढलं नाही?

चित्रात सूर्य एकच. हे मी तुम्हाला पहिल्या वर्षी सांगितलं, दुसऱ्या वर्षी सांगितलं, शेवटच्या वर्षी तुम्ही मागच्या बाकावरून माझी नक्कल करत सांगायचात, तेही मला ऐकू यायचं. तरी परत सांगतो. सूर्य एकच.

ओव्हलवर ही गोष्ट जेवढी लख्ख कळते तेवढी मुंबईत दुसरीकडे क्वचितच कळत असेल. पूर्वेच्या रांगेचं तोंड पश्चिमेला, पश्चिमेच्या रांगेचं पूर्वेला. सकाळी साडेआठला जाऊन बघ. महर्षी कर्वे रोडवरचे ते पाच-पाच मजली ब्लॉक, एम्प्रेस कोर्ट, रज्जब महल, सगळे दात घासून शाळेला निघालेल्या पोरांसारखे चकचकीत उभे असतात. समोर हायकोर्ट आणि युनिव्हर्सिटी अजून अंथरुणात. दुपारी चारनंतर पाळी बदलते. आता दगडाला रंग चढायला लागतो, आणि समोरच्या गॅलऱ्यांमध्ये सावली येऊन बसते. दोन्ही रांगा एकाच वेळी समोरून उजळलेल्या तुला दिसणार नाहीत. फार तर भर दुपारी, ऊन दोन्ही भिंतींना घासत खाली उतरतं तेव्हा, पण त्या वेळचा उजेड समोरचा नसतो, डोक्यावरचा असतो. म्हणजे ज्या कॉन्ट्रास्टपायी तू झोप घालवून बसलीस, तो तिथे रोज फुकट मिळतो आणि दिवसातून एकदा आपली बाजूही बदलतो. कोण उजळ आणि कोण अंधारात हे तू ठरवायचंच नाही. किती वाजता बसायचं, तेवढं ठरवायचं.

आणि तू काय केलंस? ती पश्चिमेची रांगच पुसून टाकलीस! अख्खी. तिच्या जागी काचेचे टॉवर आणून बसवलेस, कुठल्या तरी मिलच्या जमिनीवरचे असावेत. का, ते मला कळतं. ती रांग तुला पुरेशी जुनी वाटली नाही आणि पुरेशी नवीही वाटली नाही. तुला एक आजोबा हवे होते आणि एक नातू. मधला बाप अडचणीचा झाला.

पोरी, हा बाप एकेकाळी किती नवा होता ते ऐक. १८६० च्या दशकात किल्ल्याच्या भिंती पाडल्या, त्यानंतर एस्प्लनेडच्या मोकळ्या जागेवर गॉथिक रांग उभी राहिली. हायकोर्ट कर्नल फुलरचं. राजाबाईचं आणि शेजारच्या युनिव्हर्सिटीच्या इमारतींचं डिझाइन गिल्बर्ट स्कॉटचं, तेही लंडनला बसून. हा गृहस्थ मुंबईला कधी आलाच नाही. पैसे प्रेमचंद रायचंद यांचे, नाव त्यांच्या आईचं. १८६९ ला काम सुरू झालं, १८७८ ला संपलं. त्या वेळी या इमारतींसमोर समुद्र होता. समोर मैदानाची पट्टी आणि पलीकडे लाटा. संध्याकाळचं ऊन पाण्यावरून थेट दगडावर यायचं. मग बॅक बेमध्ये भराव पडला, जमीन तयार झाली, आणि १९३० च्या दशकात तिच्यावर सिमेंट-काँक्रीटचे हे ब्लॉक आले, खाली गाडी लावायला जागा, वर गोल कोपऱ्यांच्या गॅलऱ्या. त्या काळी राजाबाईच्या आणि समुद्राच्या मध्ये येऊन उभे राहिलेले ‘टॉवर’ म्हणजे हेच. आज आपण त्यांना हेरिटेज म्हणतो. २०१८ साली युनेस्कोने दोन्ही रांगा एकाच नावाखाली जागतिक वारशात घेतल्या, व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको, म्हणजे हे ब्लॉक ज्या शैलीचे ती, मिळून ९४ इमारती. सेपियावाले आणि रंगीतवाले असे दोन गट तिथे कोणी पाडले नाहीत.

अजून एक सांगतो, हे मला फार आवडतं. व्हीटी स्टेशन बांधणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा मुलगा चार्ल्स. तोही आर्किटेक्ट. बापाने घुमट, कमानी, दगडात कोरलेले पक्षी-प्राणी यांची लयलूट केली, त्यातलं बरंच कोरीवकाम जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलं. मुलाने १९३३ साली कुलाब्याच्या तोंडाशी रीगल टॉकीज बांधलं, सपाट, गुळगुळीत, डेको. एकाच घरातली दोन माणसं, एकाच शहरात. मला कधी कधी वाटतं, जेवणाच्या टेबलावर त्यांचं कमानींवरून भांडण झालं असेल का? झालं नसणार, रीगलच्या आधी बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण भांडणाची कल्पना करायला मजा येते. असो.

आता सावलीकडे ये. तुझ्या चित्रात दोन्हीकडच्या सावल्या एकाच जातीच्या आहेत, भिंतीच्या रंगात थोडं काळं मिसळून ओढलेल्या पट्ट्या. एवढी दोन वेगळी घराणी समोरासमोर असताना तू दोघांना एकच सावली कशी वाटून दिलीस?

दगडाने बांधणाऱ्याला जाडीशिवाय गत्यंतर नसतं. भिंत जाड, कमान खोल, व्हरांडा आत. भिंतीतून काही बाहेर काढायचं तर खाली घोडा द्यावा लागतो, टेकू द्यावा लागतो. म्हणून गॉथिकची सावली उभी असते, तुकड्यातुकड्यांची. कमानीच्या आत काळोख, खांबाच्या कडेला पट्टा, नक्षीच्या खाली दाणेदार ठिपके. काँक्रीटमध्ये लोखंडी सळई असते, त्यामुळे पातळ छज्जा भिंतीतून बेधडक बाहेर येतो आणि खालून आधार मागत नाही. डेकोच्या खिडक्यांवरून जे सलग छज्जे फिरतात, आर्किटेक्ट मंडळी त्यांना ‘आयब्रो’ म्हणतात, त्यांची सावली आडवी पडते. रिबिनीसारखी, सरळ, कोपऱ्यावरून वळून पुढे जाणारी. समोरासमोर बस आणि डोळे बारीक करून बघ. एकीकडे उभी सावली, एकीकडे आडवी. ऊन तेच! तुझा सगळा कॉन्ट्रास्ट इथे आहे, रंगाच्या ट्यूब उघडण्याच्या आधीच. नुसत्या पेन्सिलीने दाखवता आला पाहिजे. आलाच पाहिजे.

(नियम म्हणून घोकू नकोस हे. फोर्टात न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची १९३६ ची इमारत आहे, काळ डेकोचाच, पण अंगावर उभ्या पट्ट्या आणि ना. ग. पानसऱ्यांची ती भली थोरली शिल्पं. तिथली सावली उभी चढते. बघायचं ते तिथे जाऊन बघायचं, माझ्या वाक्यात नाही.)

सेपियाबद्दल मात्र मी चिडलोय. सेपिया हा जुन्या इमारतीचा रंग नाही, जुन्या फोटोचा रंग आहे. राजाबाईचा कुर्ल्याचा दगड बदामी आहे. चार वाजता तो फिका असतो, साडेपाचला त्याला मधाचा रंग येतो, सूर्य बुडायच्या आधी दहा मिनिटं चक्क गुलाबी होतो. शेजारी हायकोर्टाचा काळसर दगड तेच ऊन पिऊन टाकतो आणि जांभळट दिसतो. मालाडचा पिवळा, पोरबंदरचा सायीसारखा, बेसॉल्टचा निळसर काळा असे वेगवेगळ्या रंगांचे दगड एकाच इमारतीत बसवायची तर त्या काळच्या बांधणाऱ्यांना हौसच होती. रंगीबेरंगी बाजू कुठली म्हणायची मग? आणि समोर बघायचं तर डेकोच्या भिंती पिस्ता, फिक्या पिवळ्या, मलईच्या रंगाच्या, म्हणजे रंगाने तशा शांतच. अपवाद कोपऱ्यावरच्या इरॉस सिनेमाचा, त्याला आग्र्याचा लाल दगड. तू खऱ्या रंगांची अदलाबदल केलीस आणि त्याला भूमिका म्हणतेस.

अजून एक बारीक चूक, पण मला सलते. युनिव्हर्सिटीच्या हॉलची गोल खिडकी तू लाल-निळी रंगवलीस. तिच्यात रंगीत काचा आहेत हे तुला माहीत होतं, म्हणून. पण तू बाहेर उभी आहेस आणि दिवस आहे. रंगीत काच दिवसा बाहेरून काळपट दिसते, शिशासारखी. रंग आतल्या माणसाला दिसतात. तुला माहीत असलेलं तू रंगवलंस, दिसलेलं नाही. फोटोवरून केलंस ना हे चित्र? खरं सांग. दोन वेगळ्या फोटोंवरून, दोन वेगळ्या वेळांच्या.

चिडलो म्हणालो, त्याला कारण आहे. ते तुम्हा पोरांना मी कधी सांगितलेलं नाही.

शिकवायला लागण्याआधी बारा-तेरा वर्षं मी पर्स्पेक्टिव्ह करायचो. आर्किटेक्टच्या ऑफिसातून प्लॅन आणि एलेव्हेशन, म्हणजे इमारतीच्या दर्शनी बाजूचा आराखडा, यायचं, इमारत उभी राहिल्यावर कशी दिसेल ते आम्ही रंगवून द्यायचं. कॉम्प्युटर नव्हते. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, रूलिंग पेन, पोस्टर कलर, आणि आकाशासाठी एअरब्रश. सावलीचा नियम ठरलेला, ऊन डावीकडून, वरून, पंचेचाळीस अंशांत. इमारतीचं तोंड उत्तरेला असलं तरी. आमच्या ऑफिसचा सूर्य पगारी नोकर होता, सांगू तिथे उभा राहायचा.

एकदा गिरगावातल्या एका गल्लीतलं काम आलं. अकरा मजली इमारत, शेजारी लाकडी कठड्यांची तीन मजली चाळ. चाळ त्या प्लॉटमध्ये नव्हती, पण चित्रात येणारच होती. मला सांगण्यात आलं, शेजारचं फिकं ठेव, नजर तिकडे जायला नको. मी ठेवलं. चाळीवर ग्रेचे दोन हात मारले. इमारत पिवळ्याधमक उन्हात, मागे निळं आकाश, पुढे एक लाल फियाट. चाळ म्हणजे धूर.

बोर्ड लागला त्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेलो. तेवढं मोठं आपलं चित्र रस्त्यावर लागलंय, हा कौतुकाचा भाग होता, लपवत नाही. बोर्डाखाली भाजीची पिशवी घेतलेली एक आजी उभी होती. मी टक लावून बघतोय हे पाहून म्हणाली, “तू काढलंस होय?” मी हो म्हणालो. “आमची चाळ कुठंय ह्यात?” मी बोट दाखवलं. तिने पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला, परत बघितलं. मग मला म्हणाली, “आमच्याकडे ऊन पडत नाही होय रे?” आणि पिशवी उचलून गेली. मी मान वर करून बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत साडीच्या कापडावर पापड वाळत घातले होते. लखलखीत ऊन होतं त्यांच्यावर.

इमारत व्हायला तीन वर्षं लागली. त्यानंतर एकदा दुपारी त्या गल्लीतून गेलो. साडेतीन वाजले होते. नव्या इमारतीची सावली अख्ख्या चाळीवर होती, तळापासून कौलांपर्यंत. हुबेहूब माझा ग्रे.

तू म्हणशील, सर, तुम्ही तेव्हा नाही म्हणायचं होतं. म्हणणं सोपं आहे. एका पर्स्पेक्टिव्हमध्ये माझ्या खोलीचा हप्ता सुटायचा, घरात आई अंथरुणाला खिळलेली होती. आणि मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कोणी केलं असतं. माझा ग्रे निदान मिसळलेला होता, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, ट्यूबमधला तयार नव्हता. हसू नकोस. हे मी चाळीस वर्षं स्वतःला सांगत आलोय आणि अजून मला ते थोडंसं पटतं. चित्र चांगलंच होतं ते. आकाश तर फारच चांगलं जमलं होतं.

तेव्हापासून मी हा हट्ट धरून बसलोय. वर्गातून मला काढायचा विचार झाला होता एकदा, माहीत आहे? पोरांना अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देत नाहीत, सूर्य-सूर्य करत बसतात, अशी तक्रार गेली होती. मी म्हटलं, स्वातंत्र्य घ्या की, आकाश हिरवं करा, टॉवर उलटा टांगा, माझी ना नाही. फक्त त्या हिरव्या आकाशातही सूर्य एकच ठेवा. गरिबाला वेगळा आणि श्रीमंताला वेगळा नको. हे मी जरा जास्तच मोठ्या आवाजात बोललो, असं नंतर बायको म्हणाली.

आता तुझी ती भूमिका. तुझी बाजू सांगायची असेल तर सांग, पण उन्हाकरवी सांग. काचेचे टॉवर हवेतच ना तुला? घे. नरिमन पॉइंट आणि कफ परेडच्या उंच इमारती दक्षिणेकडे खरोखरच दिसतात, त्या तिथेच दूर ठेव. किंवा ओव्हल सोड, दुसरी जागा शोध, जिथे चाळीला लागून टॉवर आहे. दुपारी तीनला जा. टॉवरची सावली कुणाच्या अंगावर पडते, कुठल्या मजल्यावर येऊन थांबते, तिची कड कौलांवरून कशी मोडत जाते, ते काढ. सावलीत बसलेल्या भिंतीचाही रंग काढ. सावली म्हणजे काळं नाही, तिच्यात आकाशाचा निळा असतो आणि समोरच्या भिंतीचा उसना रंग असतो. असं चित्र बघून तुझे दोन्ही परीक्षक काय म्हणतील मला माहीत नाही. पण जुन्याला ग्रे करून तू जे सांगायला बघत होतीस, त्याचा दोष तुझ्यावर यायचा नाही. जो खरोखर अंधार पाडतो, त्याच्यावर जाईल.

काचेचं एक सांगून ठेवतो, कारण तू वाद घालशील. काचेच्या इमारतीला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. ती आकाश घालते, शेजारी घालते. म्हणून तुझा सपाट गुलाबी तिथे खोटा दिसतो. सूर्यास्ताचा गुलाबी असता तर तो राजाबाईवरही दिसला असता. आणि हो, काच ऊन परतवते. कधी कधी संध्याकाळी एखाद्या टॉवरच्या काचेवरून उन्हाचा झोत उलटा येतो आणि सावलीतल्या भिंतीवर चौकोनी कवडसा पडतो. तेव्हा दोन सूर्य असल्यासारखं वाटतं. मी पाहिलंय, सुंदर असतं. पण तो उधारीचा उजेड आहे. तो कुठल्या काचेवरून आला ते चित्रात सापडलं पाहिजे. सापडत नसेल तर मी मानणार नाही.

पावसाळ्यात काय, असंही विचारशील. पावसाळ्यात ढग म्हणजेच सूर्य. सगळ्या आभाळातून सारखा उजेड, सावल्या गायब, ओला दगड दोन छटा गडद, आणि मैदानाचा हिरवा सगळ्यांना पुरून उरतो. त्यातही दोघांना तोच उजेड. मी त्या दिवसांत छत्री धरून दोन-तीन चित्रं केली, एकही जमलं नाही.

आता एक कबुली, कारण तुला फार झापलं. गेल्या वर्षी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर मी खिडकीतून बघितलं तर आकाश इतकं निळं होतं की मला वाटलं डॉक्टरांनी काहीतरी घोळ केला. घरी येऊन गेल्या दहा वर्षांतली चित्रं बाहेर काढली. सगळ्या सावल्या गंजक्या. ओव्हलचीच सात चित्रं होती, सातही चहाच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी. एका डोळ्याने बघितलं की अजून ठीक वाटतात, दुसऱ्याने बघवत नाहीत. म्हणजे जगाला सूर्य एकच आहे म्हणून ओरडणारा हा माणूस घरात बसून सेपियाच लावत होता. डावा डोळा अजून बाकी आहे. बायको म्हणते, लवकर करून घ्या. मी टाळतोय. एक डोळा जुना, एक नवा, असं काही दिवस राहून बघावं म्हणतो. या डोळ्याने राजाबाई, त्या डोळ्याने राजाबाई. तुझ्या विषयाला धरूनच आहे हे.

येत्या रविवारी सकाळी आठला ओव्हलवर ये. चर्चगेटला उतरून इरॉसच्या समोरून चालत ये, मी उत्तरेच्या कडेला पामच्या झाडाखाली खुर्ची टाकून असेन. क्वार्टर शीटचे दोन कागद आण. एक सकाळी करायचा, मग कुठेतरी इडली खाऊ, दुपारी लायब्ररीत किंवा जहांगीर आर्ट गॅलरीत वेळ काढू, आणि चारला त्याच जागी, त्याच खुर्चीवर बसून दुसरा. फोटो काढायचा नाही. काळा आणि सेपिया घरी ठेवून ये, पिशवी तपासणार आहे. टोपी आण. पाणीही घरूनच आण, पिण्याचं वेगळं आणि रंगाचं वेगळं; मागच्या वेळेसारखं होऊ नये.

तुझे,
सर

ता. क. चित्र फाडू नकोस, बाजूला ठेव. घड्याळातले दहा-दहाही खोडू नकोस. काटे छान आलेत. नव्या चित्रात तेच दहा-दहा ठेव आणि टॉवर सावलीत घाल.